भाऊंचं क्रियापद

शनिवारी रात्री रेडिओवर सांगितलं
आणि सोमवारी भाऊ नेहमीचा डबा घेऊन
फोर्टातल्या त्याच काउंटरमागे जाऊन बसले.
पंखा तोच, लेजर तेच,
कावसजी साहेबांची शिंकही तीच.
संध्याकाळी घरी आले ते एक शब्द घेऊन,
सदऱ्याला बँकेची टाचणी चुकून यावी तसा.

आईने विचारलं, "काय झालं मग?"
"काही नाही. आम्हाला नॅशनलाइज केलं."
"दुखलं का?" आई म्हणाली.

त्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला होता.
माहीमवर ढग होते, काही दिसत नव्हतं,
तरी भाऊ गॅलरीतून वर बघत म्हणाले,
"तोही गेला."

मग घरात कुणाचंच काही धड राहिलं नाही.
शिरूने माझी पट्टी नॅशनलाइज केली,
मी त्याच्या पोह्यांतले शेंगदाणे.
डिमेलो बाईंच्या मांजराने वाळत घातलेला बोंबील नेला
तेव्हा भाऊंनी दाढी अर्धी ठेवून निवाडा दिला:
मांजराने केली ती चोरी.
नॅशनलाइज करायचं तर आधी जाहीर करावं लागतं,
मोबदला द्यावा लागतो,
आणि घेणाऱ्याच्या तोंडावर
सगळ्यांचं भलं दिसावं लागतं.
शिरू तसं तोंड करायचा,
माझं भजं गिळताना.

आईचा शब्द जुना होता. सरकारजमा.
ओवाळणीचे आमचे रुपये
हिंगाच्या डबीशेजारी सरकारजमा,
एक तारखेला भाऊंचा पगारही.
"हिला कायदा कशाला," भाऊ म्हणत,
"हिचा वटहुकूम लग्नापासून चालू आहे."
तो इंग्रजी शब्द तिला यायचा नाही.
नॅशलाईज म्हणायची, मधलं अक्षर गिळून,
आणि आम्ही हसलो
की ताटात भात जास्त वाढायची.

सातवीत वाक्यात उपयोग करा आलं.
मी लिहिलं, माय ब्रदर नॅशनलाइज्ड माय ब्लँकेट.
बाईंनी लाल रेघ ओढली:
हे क्रियापद बँकांना, खाणींना, विम्याला.
भावाला नाही. पांघरुणाला तर नाहीच.
भाऊंनी वही हातात घेतली,
चष्मा पुसला,
आणि रेघेखाली हिरव्या शाईने,
चेकवर करत तशी,
छोटी सही केली.

पुढे शिरूच्या सासऱ्यांची गिरणी सरकारने घेतली.
ते लालबागहून जेवायला आले
की भाऊ हा शब्द काढत नसत.
कुणी काही विचारलंच तर "घेतली" एवढंच म्हणायचे
आणि लोणच्याची बरणी पुढे सरकवायचे.
मला वाटतं, शब्दाला वजन असतं
हे मी त्या बरणीकडे बघून शिकले.

भाऊ गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले.
मी आईसोबत राहिले होते.
रात्री पाणी प्यायला उठले तर
ती पलंगाच्या मधोमध,
हात-पाय पसरून,
भिंतीकडची भाऊंची बाजूसुद्धा तिच्या अंगाखाली.
पन्नास वर्षं ती कडेला झोपली होती, दाराकडे,
दूधवाल्याची हाक आधी आपल्याला यावी म्हणून.

डोळे न उघडताच म्हणाली,
अजिबात न अडखळता,
एकही अक्षर न गिळता,
"नॅशनलाइज केली."

मी अंधारात उभी. काय बोलावं कळेना.
शेवटी त्यांचाच नियम विचारला,
"आणि मोबदला?"

बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

"उशी ठेवलीय त्यांची," ती म्हणाली.
"ती नाही घेतली."